काचेवरचा श्वास

सोमवार

संशोधनाच्या या विद्यामंदिरात पाऊल टाकताच माझ्यावर घोर अन्याय झाला. फिटरने दारातच माझा चहा जप्त केला. मी पन्नाशी ओलांडलेला वार्ताहर, संस्कृतचा एम.ए., अग्नीची निदान डझनभर नावं मला अजून तोंडपाठ. पण अग्नी विरुद्ध चहा हा खटला पहिल्यांदाच पाहिला. दालनात पाण्याचा थेंब चालत नाही. छत्री बाहेर, ओले केस बाहेर, घामाघूम पाहुणाही शक्यतो बाहेरच. आत वितळलेलं लिथियम असतं आणि पाण्याशी त्याचं हाडवैर. आग लागलीच तर तीसुद्धा कोरड्या भुकटीने विझवायची.

इथल्या प्रयोगांवर चार लोकांना कळेल असं लिहायचं काम भाचीमुळे मिळालं. ती इथे इंजिनिअर आहे. तिने ‘हा माझा मामा’ अशी ओळख करून दिली आणि दुपारपर्यंत मी प्रमुखबाईंपासून फिटरपर्यंत सर्वांचा मामा झालो. कुणी अजून बनवलेला नाही, एवढंच. जाताना तिने बजावलं, की मामा, रडायचं झालं तर बाहेर जाऊन रड हं.

मंगळवार

भाचीने शिकवणी घेतली. सूर्याच्या पोटात चालतं तसं अणूंचं मीलन घडवायचं, तर भट्टीतला वायू एवढा तापतो की त्याच्यापुढे कुठलीच भिंत टिकत नाही. म्हणून भिंतीवर लिथियम वाहतं ठेवायचं. जे आधीच वितळलंय त्याला कसली धास्ती? त्याची वाफ पुढे होऊन धग अंगावर घेते, थंड बाजूला जाऊन पुन्हा द्रव होते आणि मुकाट कामावर रुजू होते. असा सेवक मी कुठल्याच कचेरीत पाहिला नाही.

इथे सध्या फक्त त्या वाफेची परीक्षा चालते. खोलीएवढी पोलादी टाकी, आतली हवा उपसून काढलेली, आणि डोकवायला एक जाड काच. काचेच्या आतल्या अंगाला वाफ बसते आणि तिचा आरसा होतो. रोज सकाळी काच तापवून तो उडवतात. त्याआधी मी त्यात भांग पाडून घेतला.

टाकीत माणूस उतरतो तेव्हा एवढ्या पोलादातून वायरलेस चालत नाही. म्हणून आतल्याने भिंतीवर ठोकायचं, बाहेरच्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं की समजायचं, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. सलग ठोके आले तर दार उघडायचं. भाचीचा ठोका सगळे ओळखतात: गुरू, लघू, गुरू. मोठा, छोटा, मोठा. लहानपणी वृत्तं शिकवताना मीच तिला माझ्या खोलीचं दार तसं वाजवायला लावायचो. ऐकून ऊर भरून आला. रडलो मात्र बाहेर जाऊन.

गुरुवार

आज आरशावर एक करडा डाग दिसला. फिटर म्हणाला, कुठूनतरी दमट हवा शिरतेय, ओल लागली की लिथियमची चकाकी मरते. असेल. पण आपण आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडतो ना, अगदी तसा आकार. आणि डाग आतून. मी हे बोललो तर फिटरने विचारलं, आत कोण बसलंय मामा, तुमचा संपादक? सगळे हसले. मीही हसलो.

काच तापवली. आरसा गेला, डाग राहिला.

शुक्रवार

डाग दोन झाले. नवा बरोबर माझ्या तोंडासमोर. मी वाकून पाहिलं. पाहता पाहता खाली तिसरा उमटला, पुन्हा तोंडासमोरच.

मग टाकीतून ठोके आले. तीन. सपाट, सारखे. ना गुरू, ना लघू.

आत कुणी नव्हतं. पण कुणी दार वाजवलं की ‘ओ’ द्यायची जन्माची खोड. मी उत्तर दिलं.

भाचीला गंमत म्हणून सांगितलं. आधी म्हणाली, धातू निवताना वाजतो रे. मग हळूच विचारलं, की पण तू उत्तर का दिलंस?

शनिवार

मी काचेपाशी गेलो की ठोके. दूर झालो की बंद. आता उत्तर देत नाही. तरी येतात.

गळती शोधायचं ठरलंय. लिथियम काढून घेतलं, टाकी निवायला ठेवली, आत आरगॉन भरला. हा वायू लिथियमला काही करत नाही. माणसाला श्वासाला मात्र उपयोगाचा नाही. सोमवारी भाची उतरणार, बंद पोशाखात, हवेची नळी लावून. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणालो. ती म्हणाली, जा, आईकडे तक्रार कर.

ताईचा फोन आधीच येऊन गेला होता. पोरीवर लक्ष ठेव, म्हणाली.

सोमवार

ती आत गेली. गुरू, लघू, गुरू. मी उत्तर दिलं. पुन्हा तसाच. पुन्हा उत्तर.

मग बराच वेळ काही नाही.

मग तीन ठोके. सपाट.

फिटर म्हणतो, दमली असेल. काचेतून काही दिसत नाही, आतला दिवा गेलाय—

सलग ठोके. फिटरने माझ्याकडे पाहिलं. तुमची भाचीच ना मामा, उघडू? मला ती बाहेर हवी होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, उघडा—

सोमवार, नंतर

चहाची खोली. ती माझ्या आणि दाराच्या मध्ये बसलीय. पोशाखाचा टोप काढलाय. चेहरा तिचाच. गळती नाही म्हणाली, टाकी तापवायला घ्या. प्रमुखबाई खूश. फिटर चहा ठेवून गेला, कप न्यायला येईल.

माझा चहा गरम असला की ती फुंकर घालते. लहानपणापासून. आत्ताही घातली. ओठांचा चंबू केला, गाल फुगवले—

वाफ हलली नाही. सरळ वर जातेय.

मागच्या भिंतीतली पोलादी नळी टाकीकडून येते. नळीत ठोका. मोठा. छोटा. मोठा. अगदी हळू—

लिहीत राहतो. मामाचं काम चाललंय असं तिला वाटू दे. ती हसतेय. अजून एकदाही मामा म्हणाली नाही—

फिटर, हे पान तुमच्यासाठी. टाकी तापवू नका. दार उघडा. आत आहे ती आमची. मला भुताची भीती वाटत नाही हो, खरंच. भीती एवढीच, की ‘उघडा’ मी म्हणालो आणि पोर आत राहिली. ताईला मी काय तोंड—

ठोका आला. मोठा. छोटा.

पुढचा—