वाचणाऱ्याच्या सुपातल्या विड्या

रविवार, ४ फेब्रुवारी १९६८, सकाळ
...सडा टाकायचा, तेंदूची पानं भिजवायची, भाकरी बांधायची आणि दोघांनी विडीच्या कारखान्यात जायचं. तिथे हे सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे. वाचताना यांचे हात थांबत, म्हणून प्रत्येक जण आपल्या दोन-दोन विड्या यांच्या सुपात टाकी. यांच्या मागे बसूनच मी अक्षरं शिकले. हे जाऊन सहा वर्षं झाली. आता मी वाचते.
हे आठवलं आजच्या पेपरमुळे. कॉलेजच्या एका प्रोफेसरांचा लेख आहे. विडी कामगार दारूत बुडालेले होते म्हणे. शहरातून सुमतीबाई पाट्या घेऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षर दिसलं. सुमतीबाई आल्या दोनच महिने! वर कोणी 'एक कामगार विधवा' सांगते, आमच्या माणसांना अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं.
कोण ही बाई? उद्याच संपादकांना पत्र टाकते.

सोमवार
पत्र राहिलं. चष्म्याची काडी सैल झाली आहे.
ती विधवा वाडीकडच्या कारखान्यातली असेल.

बुधवार
'माननीय संपादक' इतकं लिहिलं. अक्षर छान आलं. पुढे यांचं नाव घालावं लागेल. नवऱ्याचं नाव घेणं बरं दिसत नाही.
प्रोफेसर सज्जन आहेत. दिवाळीत घरी येऊन चहा घेऊन गेले. दोष त्या बाईचा. आमच्या कारखान्यातली अंजनाबाईही विधवा, तिच्यावर संशय आहे.

गुरुवार
शेजारच्या रंभाबाईला विचारलं, कोण असेल ही? ती हसतच सुटली. म्हणाली, तूच त होती वं! दिवाळीत ते साहेब आले तं मी चहा गाळून राहिली होती, अन् तू पुस्तकावानी बोलून राहिली होती.
मी म्हटलं, मी असं काहून बोलीन?
ती म्हणाली, साहेब म्हणे, बाई, तुम्ही तर आमच्यासारखंच बोलता. मंग काय, फुगली तू! त्यानं इचारलं, मालक शिकले होते का? तं तू म्हणते, नाही.
मग तिचं हसू थांबलं. म्हणाली, धोंडबा भाऊनं मले सही शिकवली होती वं.

शुक्रवार
कामावर गेले नाही. ताप नव्हता.
रविवारी लेख वाचतानाच ते अंगठ्याचं वाक्य माझं म्हणून ओळखलं होतं. खुर्चीवर बसलेल्या त्या प्रोफेसरांसमोर मला एकटीलाच शहाणं दिसायचं होतं.

शनिवार
कारखान्यात तो लेख सगळा वाचून दाखवला. ती विधवा मी, असं सांगितलं. मला धोंडबांनी वाचायला शिकवलं, असं यांचं नाव घेऊन सांगितलं. वाचताना सवयीने माझ्या सुपात टाकलेल्या विड्या ज्याच्या त्याला परत दिल्या.