मशीनची दोरी

१७ मे, शुक्रवार

मशीन सुरू होईना. सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत दोरी ओढली. खांदा भरून आला, पण ते ढिम्म. झाडं कापायचं हे पेट्रोलचं मशीन अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आजवर ते असं कधी अडलं नव्हतं.

आणि काम आमच्याच चाळीतलं. मागचा शिरीष पार वाळलाय. त्याची जाड फांदी सोनाबाईंच्या पत्र्यावर आडवी आलीय, बुंध्याशी चिरलीय. सोनाबाई त्याच्याखालीच बसून साड्यांचे धागे कापतात, तिथेच झोपतात. करवतीने कापायला घेतली तर हिसक्यांनी अर्ध्यातच तुटून त्यांच्या घरावर बसेल. मशीनच पाहिजे.

"हिलालभाऊ, वरून काटक्या पडून राहिल्या," म्हणाल्या.

दोन दिवसांत काढतो म्हणालो.

१८ मे

प्लग काढला. काळा पडलेला. घासला, मग नवाच बसवला. टाकीतलं पेट्रोल शिळं असेल म्हणून ओतून दिलं, ताजं आणलं, ऑईल मापून मिसळलं. फिल्टर धुतला. चोक ओढून पाहिलं, चोक सोडून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी चहाची बशी हातातून निसटली. ऊन फार आहे, माणसात जीव राहत नाही.

१९ मे, रविवार

दगा आला होता. मी झाडावर असतो तेव्हा खालून दोर धरणारा माझा माणूस, वीस वर्षांपासूनचा सोबती. थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आना, दोरी मी वढी देखस."

दिलं नाही. भगवान उस्तादांनी हे काम शिकवताना आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं — चढणाऱ्याच्या मशीनची दोरी दुसऱ्याने ओढायची नाही. परक्या हाताने जागं झालेलं मशीन वर गेल्यावर मालकाला ओळखत नाही. आमच्यात सगळेच हे पाळतात. दगालाही माहीत आहे. तरी विचारतो म्हणजे कमाल आहे.

२१ मे

दोष सापडला! प्लग बाहेर काढून ओढलं तर दोरी हलकी, ठिणगीही निळी, स्वच्छ. प्लग लावला की दोरी दगडासारखी जड. म्हणजे पिस्टन आत धरतोय. इतके दिवस प्लग आणि पेट्रोलच्या मागे लागलो, मूर्ख.

सगळं खोललं. पिस्टनवर ओरखडा नाही. तरी रिंग बदलायची ठरवली. जोडताना स्क्रू घट्ट बसेनात, पाना बोटांतून फिरायचा. शेवटी बायकोने, सखूने पिळून दिले. ती माझ्या हाताकडेच बघत होती.

"मशीन राहू द्या. आगोदर दवाखानामा चला."

हिला उठता-बसता दवाखाना दिसतो. मी ओरडलो तिच्यावर. उगाच ओरडलो.

२२ मे

नवी रिंग बसवली. दोरी तेवढीच जड.

२४ मे, शुक्रवार

सोनाबाईंचा मुलगा धम्मरत्न हजीऱ्याहून कारखान्याची ड्यूटी करून थेट माझ्याकडे आला. बूटही काढले नव्हते. "काका, राग मानू नका. उधन्याची झाडं कापणारी दुसरी पार्टी बोलावतो. आठवडा झाला."

राग कसा नाही येणार? या भागातली अर्धी झाडं मी उतरवलीत. कुणाची कौलं फुटली नाहीत, कुणाला खरचटलं नाही. मी म्हणालो, आई तुझी आहे, बोलाव. पण माझ्या दारातलं झाड बाहेरचा माणूस कापणार असेल तर मग माझ्याकडे पुन्हा येऊ नकोस.

सोनाबाई दारातूनच म्हणाल्या, "थांब रे. हिलालभाऊ असताना बाहेरचा माणूस कायले? काढतेत ते."

पोरगा आईमागे घरात गेला. मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.

२५ मे

कार्ब्युरेटर खोलला. डायफ्रॅम बदलला. नाही.

२६ मे, रविवार

काय लिहू.

दुपारी तीनला वारा सुटला. आधी धूळ, मग पत्रे वाजायला लागले. फांदी पडल्याचा आवाज माझ्या घरात आला. धावलो तेव्हा सोनाबाई दारातच होत्या, धाग्यांच्या गठ्ठ्यावर पडलेल्या, आणि फांदी छातीवर. बोलत होत्या. "धम्मा कुठं आहे," एवढंच दोनदा विचारलं.

मी मशीन आणलं. दोरी ओढली. दहा वेळा, पंधरा वेळा. दगाने हात पुढे केला. मी त्याचा हात झटकला. हो, तेव्हासुद्धा. मग सगळ्यांनी मिळून हातांनी, पहारीने, गाडीच्या जॅकने फांदी उचलली. अर्धा तास गेला.

दवाखान्याच्या दारातच त्या गेल्या. छातीवर ओझं फार वेळ राहिलं, असं डॉक्टर धम्मरत्नला सांगत होते. मी मागे उभा होतो.

सखूने ताट वाढलं. जेववलं नाही.

२८ मे

पडलेली फांदी वाटेतून हटवायची होती. मी घरातून निघालोच नाही. दगा मशीन घेऊन गेला, मला न विचारता. मी खिडकीतून बघत होतो. त्याने दोरी ओढली.

पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

धम्मरत्न तिथेच उभा होता. त्याने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्या खिडकीकडे. खिडकी लावून घ्यायला गेलो, तर उजव्या हाताला कडी सरकवता येईना.