धोंड्याच्या महिन्यातला ब्रेक

१९ जून २०१५

मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा कॅलिपर उघडला एकदाचा! आतला पिस्टन गंजून असा रुतून बसला होता की विचारू नका. ठोकला असता तर सगळंच फुटलं असतं. शेवटी पंक्चरवाल्याकडं नेला, हवेची नळी लावली—फाडकन् उडाला! पंक्चरवाला घाबरून मागं सरला. मी जागचा हललो नाय. उगाच नाय जन्मभर विज्ञान शिकवलं.

वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, ही गाडी अजिंठ्याची लेणी बघायला आलेल्या एका जर्मन माणसाकडून घेतली होती. जपानी गाडी, पुढं डिस्क ब्रेक. तेव्हा औरंगाबादेत डिस्क ब्रेक म्हणजे काय ते कुणाला ठाऊक होतं? टाकीचा लाल रंग अजून कारखान्यातलाच, सोनेरी पट्ट्यासकट. असा रंग आता कुठं मिळायचा नाय. बारा जुलैला क्रांती चौकातून जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे. ब्रेक तपासूनच घेणार म्हणे. खुशाल तपासा!

२२ जून

अजिंठ्याहून सासूबाई आल्या. मनकर्णाबाई! हातात अनारशांचा डबा आन् तांब्याचं ताम्हण. धोंड्याचा महिना आहे ना—जावयाचे पाय धुवायचेत! पिशवी बघितली तर महिनाभराची लुगडी.

सरोजला बोललो, "तुझ्या आईच्या गावची विहीर आटली म्हणून जावयाची आठवण झाली काय?"

"हळू बोला. ऐकू जातं तिला."

जाऊ दे की.

२५ जून

पावसाचं नाव नाय. नळाला पाणी येतं तेव्हा सगळं पुंडलिकनगर रस्त्यावर. आमच्या घरी नियम घातला—ज्याचं त्याचं पाणी ज्याचं त्याला. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं. म्हातारीला एक रिकामी कळशी दिली, त्यात रोज तांब्याभर पाणी. "संपलं की संपलं, सासूबाई. मागायचं नाय."

"व्हय जावयबापू," म्हणाल्या. लई गरीब आवाज करता येतो त्यांना.

पिस्टन चिकलठाण्याला लेथवर नवा करून घेतला. स्टीलचा. आता जन्मात गंजत नाय.

२९ जून

कॅलिपरच्या आत रबरी रिंग बसते, ती खाच साफ केली. लोखंडानं खरवडलं तर ओरखडा येतो आन् तिथूनच ऑइल गळतं. म्हणून निवडुंगाचा काटा घेतला. तोही सरोजनं आणून दिला. रिंग बसवताना फक्त ब्रेक ऑइलचंच बोट लावायचं. सरोज गोडं तेल घेऊन आली होती! असं झापलं तिला की वाटी घेऊन परत गेली.

मग वर्ग घेतलाच. "हे ब्रेक ऑइल दिसायला पातळ, पण रंगाचा वैरी. टाकीवर सांडलं तर रंग फुगतो, सुटून येतो, खाली पत्रा. फडक्यानं पुसलं तर आणखी पसरतं. पाणी! लगेच भरपूर पाणी ओतायचं. दुसरा इलाज नाय. कळलं?"

"कळलं," म्हणाली. "फडताळात नका ठेवू ती बाटली. अन्नाजवळ."

४ जुलै

म्हातारीची कळशी भरत चाललीय! नीट बघितलं—रोज स्वतः घोटभरच पिते, उरलेलं त्यात. ओठ फुटलेत. कळशीच्या तोंडावर फडकं बांधून ती खाटेखाली ठेवते. सरोजनं विचारलं तर म्हणे, "जावयबापूचे पाय धुवाया. गढूळ पान्यानं कसं धुवावं?"

मी हसलो. म्हणालो, "धुवा की, पण मेलात तर तेराव्यालाही पाणी मलाच आणावं लागेल."

सरोज स्वयंपाकघरात निघून गेली. एकदा भांडं आपटलं. एवढंच.

८ जुलै

आज ब्रेकमधली हवा काढायची होती. याला दोन माणसं लागतात—एकानं हँडलवरचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली हवा सुटायची निपल उघडायची. सरोजला उभी केली. "दाब! धर! सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाय!" बाई दाबते कशी, नुसती गोंजारते! "जोरात!" म्हणून ओरडलो. तिनं सगळा जोर लावून दाबला.

हँडलवरच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडं होतं. कारंजं उडालं. सगळं टाकीवर!

झाकण तिनं बघायला पाहिजे होतं.

 लाल रंगावर ऑइलचे ओघळ! हंड्यात बुडाशी गाळ. पिंप कोरडं. धावत आत गेलो, खाटेखालची कळशी ओढली. म्हातारी उठून बसली होती, मांडीवर ताम्हण. आजच पाय धुवायचे होते म्हणे—सकाळपासून कुंकू कालवून बसलेली. तिनं कळशीवर हात ठेवला. मी हात झटकला. आडवी झाली खाटेवर, पण माझ्याकडं वेळ कुठं होता!

सगळी कळशी टाकीवर रिती केली. रंग वाचला! एक डाग नाय! मी हसतच सुटलो. "घ्या सासूबाई, झाले पाय धुऊन! माझे काय आन् गाडीचे काय, एकच!"

भिंतीपलीकडून शेजारच्या वैदेहीबाई बघत होत्या. बघेनात का. पाणी माझं, गाडी माझी.

म्हातारी दारापर्यंत आली, ओल्या फरशीकडं बघत राहिली. "धुतली तर धुतली, जावयबापू," म्हणाली. मग खाली वाकून फरशीवरच्या पाण्यात बोटं बुडवली आन् डोळ्यांना लावली. नाटकी!

९ जुलै

सकाळच्या एसटीनं म्हातारी अजिंठ्याला गेली. मनगट सुजलेलं. सरोज सोडायला गेली. ताम्हण इथंच राहिलंय. अनारसे पण. चार खाल्ले. चांगले झालेत, जाळी सुरेख पडलीय.

घरात एक तोंड कमी. बरं वाटलं.

१० जुलै

हवा पुरती निघाली. दाबलं की चाक जागच्या जागी थांबतं! पुंडलिकनगर ते क्रांती चौक, पुन्हा परत. माणसं वळून वळून बघतात. एकानं विचारलं, "सर, कुणाकडून करून घेतला?" मी नुसता हात वर केला.

तात्या असते तर बोलले नसते काही, पण मागं बसले असते.

११ जुलै

टाकी पुसली. आरशासारखी. उद्या आठला निघायचं.

सरोज आज गोड वागली. जेवताना वाढलं मनापासून. म्हणाली, "गाडीची पूजा करू का उद्या? धोंड्याचा महिना आहे. तुम्ही जावई, ती तुमची."

एवढ्या वर्षांनी बाईला अक्कल आली म्हणायची. "कर," म्हणालो. "फक्त तेल नको लावूस."

"तेल नाय लावत," म्हणाली.

१२ जुलै

उठलो तर घरात कुणी नाय. अंगणात सगळे हंडे, पिंप, कळशी, अगदी पूजेची पंचपात्री—घासूनपुसून ओळीनं पालथी. गाडीला कुंकवाची बोटं. टाकीखाली, चाकाला टेकवून, ताम्हण. ब्रेक ऑइलची बाटली रिकामी. टाकीवरचा रंग सायीसारखा सुटून ताम्हणात उतरत होता, सोनेरी पट्टा त्यातच. सीटवर अनारशांचा डबा.

फडक्यानं पुसायला गेलो, हाताला लाल लगदा आला.

वैदेहीबाईंचं दार वाजवलं. ओरडलो, पाणी द्या, एक बादली द्या! त्या पेलाभर पाणी घेऊन आल्या. उंबऱ्यातच थांबल्या.

"प्यायला पाहिजे असलं तर देते, मास्तर."