आप्पांचं घर मागायला आलेला वैमानिक

लातूर (आता जिल्हा, बरं का),
७ मार्च १९८३

प्रिय रत्नम्मा,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, शेषेरावांचा खोकला आणि नांदेडचा नळ, तिघांचंही बरं चाललं असावं. माझी तब्येत उत्तम आहे. राग मात्र आठवडाभर उतरलेला नाही.

त्याला कारण तू. जिल्हा झाल्यापासून या गावात रोज एक नवा साहेब कचेरीसाठी घर शोधत फिरतो. आपल्या आप्पांचं पुढचं घर रिकामं, शिवाय या दुष्काळातही विहिरीला पाणी, त्यामुळे मला दुपारी पाठ टेकायची सोय राहिलेली नाही. त्यात तू शेषेरावांच्या ओळखीतले मत्स्यव्यवसाय अधिकारी धाडलेस. माणूस सज्जन आहे. पण इथे माणसांनाच टँकरनं पाणी येतं, मग तुमचं कार्यालय नक्की कोणाची विचारपूस करणार, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, फायली आहेत. तरीही तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून मी त्यांना होकार देणारच होते. (हे ध्यानात ठेव.)

तेवढ्यात विद्यापीठाच्या इथल्या नव्या केंद्राचे संचालक आले. विंग कमांडर व्यंकटराव मुखेडकर, निवृत्त. आधी लढाऊ विमानं चालवली, मग चित्रकार झाले, आता विद्यापीठाचा कारभार बघतात. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आपल्याला शिकवलं की एकच काम धरावं आणि ते नीट करावं. त्यावर विसंबून मी छत्तीस वर्षं एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि हा गृहस्थ तीन जन्मांची कामं एकाच जन्मात उरकतो! मला आधी संताप आला, आणि मग (तुझ्यापासून काय लपवायचं) भलतंच कुतूहल वाटायला लागलं.

नमस्कार जेमतेम झाला आणि साहेब घराभोवती फिरायला लागले. मागे कारकून संगप्पा, हातात यादी. तो वाचणार, "कडी?" साहेब ती हलवून म्हणणार, "तपासली." "जिना?" चार वेळा वरखाली करून, "तपासला." मला वाटलं, घराचा लिलाव आहे. शेवटी संगप्पाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, विमान उडवायच्या आधी असंच करतात म्हणे, आणि साहेब आल्यापासून परीक्षासुद्धा अशाच होतात, एकही प्रश्नपत्रिका चुकीच्या गावाला जात नाही. मी विचारलं, साहेब जेवायला बसतानाही ताटाभोवती फेरी मारतात का? "ते मला ठाव न्हाई बाई," संगप्पा म्हणाला, "पर मीठ आधी इचारतेत."

झालं होतं असं, की केंद्राच्या मुलींच्या वसतिगृहाची विहीर आटली. अकरा मुली, सगळ्या खेड्यांतल्या, परीक्षा तीन आठवड्यांवर. शनिवारी वसतिगृह बंद करून त्यांना घरी धाडायचा हुकूम निघाला होता, म्हणून साहेबांना मुलींसाठी आपलं घर हवं होतं. मार्चमध्ये घरी गेलेल्या मुलीचं काय होतं ते तुला आणि मला चांगलं माहीत आहे. परीक्षेचं प्रवेशपत्र पोचायच्या आत लग्नाची तारीख पोचते.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, माणूस कसा आहे ते आधी बघू. मी त्यांना चित्रं दाखवा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर जाऊन थडकले. (एकटी नव्हे, संगप्पा होता. शेषेरावांना तेवढं सांग.) रत्नम्मा, सगळ्या चित्रांत नुसते तपकिरी-पिवळे तुकडे, वाकळ वाळत घातल्यासारखे. सगळी जमीनच, वरून पाहिलेली. कुठे विमान नाही, आभाळ नाही. मी स्पष्ट विचारलं, आयुष्य जिथं काढलंत ते आभाळ कुठं गेलं?

ब्रश पुसत ते म्हणाले, सरावाच्या उड्डाणात ते एकदाच आपल्या गावावरून, मुखेडवरून गेले होते. दीड मिनिट. एसटी स्टँड दिसला, बाजार दिसला, स्वतःचं घर काही दिसलं नाही. "पंचवीस वर्षं झाली बाई. अजून शोधून राहिलो."

मी म्हटलं, एसटीत बसा आणि जाऊन बघा.

"खालून सापडतं हो," ते म्हणाले. "वरून नाही सापडत."

चित्रं मला अजूनही कळलेली नाहीत, पण तिथल्या खुर्चीवर मी तासभर बसले आणि चहा गार झाला. असा माणूस घर नीट सांभाळेल, एवढंच मी तुला सांगू शकते. शेषेरावांना खोकल्यासाठी ज्येष्ठमध दे आणि थंड पाणी बंद कर.

तुझी,
शिवम्माक्का

ता. क. घर आप्पांनी दोघींच्या नावावर ठेवलं आहे. करारनामा सोबत आहे, माझी सही झाली आहे, तू फुलीच्या जागी कर. मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना मी कळवलं आहे की तू नाही म्हणालीस.

आणखी एक. मुली शनिवारीच आल्या. तुला ते मान्य नसेल तर सही करू नकोस, पण मग स्वतः इथे ये आणि त्यांना घरी जायला सांग. सकाळी सहाला अकराही जणी विहिरीवर असतात, वेण्या घालत मोठ्यानं पाठांतर करतात. मी त्यांचे इंग्रजी उच्चार सुधारत तिथंच बसलेली असेन.