हिरवडीची वीस मिनिटं

सावेडी, अहिल्यानगर
३ नोव्हेंबर २०२५

ति. सोपानदादास,
जयमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी विचारते एक आणि तू सांगतोस भलतंच, म्हणून पुन्हा पत्रावर आले. कानाचं यंत्र डबीत ठेवायला घेतलेलं नाही, एवढं तरी ऐक. बहात्तराव्या वर्षी सायकल हाणत टाकळीभानला जाऊन आलास, असं माधुरी सांगत होती. तुझ्या लेकीचा जीव टांगणीला लागतो याचा काही विचार?

माझी बातमी अशी, की तुषारने आपलं म्हणणं खरं केलं. १४ डिसेंबरला मला पुण्याला नेतो आहे, कायमची. गुडघ्याची आणि जिन्याची भांडणं रोजची झाली, त्यामुळे मीही हो म्हटलं. पोराचा जीव आहे, तक्रार नाही.

पण जाण्याआधी एका दिवसाची सहल करायची आहे आणि ती तुझ्याबरोबर. शेजारच्या अंबिकाताई म्हणतात प्रवरासंगमला जा, होडीत बसा, संगम बघा. मला होडी नको. एकतीस वर्षं तू ज्या रुळांवरून चाललास ती तुझी लाइन मला खिडकीत बसून बघायची आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. सारोळ्याच्या पुढचं हिरवडी स्टेशन मात्र त्यात हवंच. बेत तू आख. शाळेच्या सहलींचे बेत मी खूप आखले, आता मला कोणीतरी न्यावं असं वाटतं.

तब्येतीस जपावे. तुझ्या मायेवर माझा हक्क आहेच, तो चालू ठेव.

तुझी धाकटी,
जयमाला

—

श्रीरामपूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. जयमालास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचले. यंत्र कानात घातले की शिट्टी वाजते. आयुष्यभर इंजिनाच्या शिट्ट्या ऐकल्या, आता घरात बसून कशाला ऐकू?

बेत तयार आहे. रविवार, २३ तारीख. मी इथून, म्हणजे बेलापूर स्टेशनातून, सकाळच्या गाडीत बसतो आणि तुझी जागा धरतो. तू नगरला तिसऱ्या डब्यापाशी उभी राहा. बसायचे उजव्या हाताला. सकाळचे ऊन डावीकडे असते आणि बघण्यासारखे सगळे उजवीकडे. नगर सुटल्यावर आधी बाभळी, मग एक दगडी मोरी. तिच्यावर गाडीचा आवाज बदलतो. मोरी गेली की हिरवडी आलेच.

हिरवडीला तुला पोटभर बघायला मिळेल, कारण आपली गाडी तिथे क्रॉसिंगला थांबते. समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत वीस मिनिटे हलत नाही. ही काळ्या दगडावरची रेघ समज. तेवढ्या वेळात खाली उतरू. प्लॅटफॉर्मच्या टोकाला कडुनिंब आहे, समोर तळे आहे. पूर्वी मी त्या झाडाखाली भाकरी खायचो, आपणही तिथेच खाऊ. पुढे दौंडला भीमेच्या काठी दुपार काढून संध्याकाळच्या गाडीने परत.

भाकरी तू आण, माधुरीच्या भाकरी नकाशासारख्या होतात. हे तिला कळवू नये. सीताफळांचा हंगाम सरत आला आहे, पण मिळाली तर मी आणतो.

गुडघ्याला तेल लाव. आम्हा सर्वांची आठवण असू द्यावी.

तुझा दादा,
सोपान

—

सावेडी
१५ नोव्हेंबर २०२५

चि. माधुरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पत्र पाहून चकित झाली असशील. हे फोनवर सांगण्यासारखं नाही आणि घरी पाठवलं तर दादा उघडेल.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शिक्षिका होऊन काही वर्षं झाली होती आणि आम्ही सात-आठजणी पुण्याला प्रशिक्षणाला निघालो होतो. मीच दादाला कार्ड टाकलं होतं, की अमुक तारखेला दुपारच्या गाडीने जाणार आहे. गाडी हिरवडीला क्रॉसिंगला थांबली. तुझे वडील कीमॅन. रुळांच्या चाव्या ढिल्या झाल्या की ठोकून घट्ट करायच्या, दिवसभर ऊन डोक्यावर. खांद्यावर हातोडा, अंगभर घाम आणि हातात चौकड्यांच्या रुमालात बांधलेली सीताफळं, असा तो एकेका खिडकीत बघत येत होता. जया, जया, अशी हाक मारत.

सोबतच्या बाईंनी विचारलं, हा कोणाला हाका मारतो आहे? मी म्हणाले, कोणास ठाऊक, रुळांवर काम करणारा गँगवाला असेल. आणि खिडकीचं शटर खाली ओढलं. त्याच्या पगारावर मी शिकले होते, माधुरी. शटर ओढताना त्याची आणि माझी नजर भेटली होती.

तो त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मीही नाही. राखीपौर्णिमा, लग्न, बारशी सगळं रीतसर झालं, पण हे राहिलंच. आता गाव सोडते आहे, तर हे घेऊन जायचं नाही. कागदावर माफी मागणं म्हणजे पुन्हा शटराआडून बोलणं. तिथेच, त्या झाडाखाली, त्याच्या तोंडावर बोलायचं आहे. वीस मिनिटं पुरतील. तू फक्त एक कर, २३ तारखेला आमच्या सहलीला त्याच्या कानात यंत्र घालून पाठव.

तुझी लाडाची मी आहेच, तशीच राहू दे.

आत्या

—

सावेडी
२५ नोव्हेंबर २०२५

चि. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

सहल झाली. फजितीही झाली. ऐक.

दादाने कबूल केल्याप्रमाणे खिडकी धरून ठेवली होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर सीताफळांची पिशवी. यंत्र तू घातलं असशील, पण राहुरी यायच्या आतच ते खिशात गेलं, असं त्यानेच सांगितलं. समोर भागूबाई म्हणून एक बाई मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. निघाल्यापासून दादाने मला प्रत्येक मोरी, प्रत्येक वळण दाखवलं. अमक्या ठिकाणी रूळ तडकला होता, तमक्या ठिकाणी नाग निघाला होता. इतका आनंदात मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता.

दगडी मोरी आली, आवाज बदलला. दादा उठला, भाकरीचा डबा काखेत मारला आणि मला दाराकडे चल म्हणाला. मीही मनातली वाक्यं जुळवत उभी राहिले. आणि माधुरी, गाडी थांबलीच नाही. वेगही कमी झाला नाही. कडुनिंब आला, तळं आलं आणि गेलं. दादा डबा धरून तसाच उभा. भागूबाई म्हणाल्या, की आता दोन लाइनी झाल्यात, एक जायाला, एक याला, कोन कुनासाठी थांबत न्हाई. क्रॉसिंगच संपली, तर वीस मिनिटं कुठून येणार?

मला काय झालं कोणास ठाऊक. छत्तीस वर्षं थांबले होते आणि ते स्टेशन डोळ्यांदेखत मागे चाललं होतं. मी दादाचा दंड धरला आणि त्याच्या कानाशी जीव खाऊन ओरडले, की त्या दिवशी मी तुला ओळखलं होतं, मी मुद्दाम शटर ओढलं, मला माफ कर. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. सगळ्यांना ऐकू गेलं, एका दादाला सोडून. त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीतून एक सीताफळ काढून माझ्या हातात दिलं आणि खा म्हणाला.

दौंडला भीमेच्या काठी आम्ही भाकरी खाल्ली, पाणी छान होतं, पण दुसऱ्यांदा ओरडायचं बळ माझ्यात नव्हतं. दादाला कळलं की नाही, एवढंच तू बघून कळव.

आत्यावर राग नको, माया असू दे.

जयमाला

—

श्रीरामपूर
३० नोव्हेंबर २०२५

चि. जयमालास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आधी माझी चूक. दुहेरी लाइन झाल्याचे मला माहीत होते. इथे दारासमोर झाली, मी रोज बघतो. पण ते डोक्याला माहीत, पायांना नाही. माझ्या पायांत अजून एकच लाइन आहे आणि तिच्यावर गाडी हिरवडीला थांबते. हे ऐकून गँगचे जुने लोक हसून लोळले.

आता तुझे. तू ओरडलीस ते मला ऐकू आले नाही. ओठ हलताना दिसले, डोळे भरलेले दिसले, म्हणून सीताफळ दिले. पण दौंडला तू नळावर हात धुवायला गेलीस, तेव्हा भागूबाईंनी गाठोडे खाली ठेवून खिडकी ओढायची खूण करून दाखवली, कान धरले आणि तुझ्याकडे बोट केले. मला सगळे समजले. भर डब्यात बोलण्यापेक्षा ते कागदावर लिहितो आहे.

तू शटर ओढलेस तेव्हा मला राग आला होता. खोटे कशाला सांगू? चार दिवस जेवण गोड लागले नाही. सीताफळे गँगने खाल्ली आणि बिया लांब फेकायची पैज लावली. पैज मी जिंकलो, पण हसलो नाही.

आणखी एक आहे, जे तुला माहीत नाही. त्यानंतर पाच वर्षे तू दर महिन्याला पुण्याला जायचीस. तुझी गाडी हिरवडीला थांबली, की मी मुद्दाम पलीकडच्या अंगाला जाऊन उभा राहायचो. तुला वाटले असेल दादाची ड्युटी बदलली. ड्युटी तीच होती. जयाबाई खिडकी उघडून बघत असतात, असे आमच्या गँगमधल्या मच्छिंद्रने मला दोनदा सांगितले. तरी मी आलो नाही. तू एक दिवस चुकलीस, मी पाच वर्षे चुकलो. तेव्हा माफी तूच द्यायची आहेस.

१४ तारखेला मोटार नको, रेल्वेने जा. सहा डिसेंबरला दादरला जाऊन आलो, की मी मोकळाच आहे. मच्छिंद्र हिरवडीतच राहतो, त्याच्याकडे आदल्या दिवशी मुक्कामाला जातो. प्लॅटफॉर्मवर, उजव्या अंगाला, झाडाजवळ उभा असेन. झेंडी दाखवणार नाही, तो ड्युटीवरच्या माणसाचा मान आहे. गाडी थांबणार नाही हे आता पायांनाही कळले आहे.

खिडकीत बस. माया आहे तशी वाढत जावी, इतकेच मागतो.

तुझा दादा,
सोपान

—

पुणे
१६ डिसेंबर २०२५

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. इथे लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघा आणि मी सध्या बोलतो आहोत. तुषारने सामान टेम्पोने पाठवलं आणि स्वतः माझ्याबरोबर गाडीत बसला. मोटार दारात असताना रेल्वे कशाला, म्हणून स्टेशनपर्यंत कुरकुरत होता.

गाडी पाऊण तास उशिरा सुटली आणि माझा जीव तुझ्यापाशी. उन्हात उभा असशील, पाणी प्यायला असशील का. दगडी मोरीचा आवाज मी बरोबर ओळखला. शटर वर करून ठेवलंच होतं, पण तरी एकदा हाताने दाबून बघितलं. मग कडुनिंब आला आणि त्याच्या अलीकडे पांढऱ्या सदऱ्यातला तू, दोन्ही हात वर करून चौकड्यांचा रुमाल हलवत. मी खिडकीतून हात काढून जितक्या मोठ्याने हाक मारता येईल तितक्या मोठ्याने दादा म्हटलं. तुला ऐकू आलं नसेलच. पण तू हसलास, ते मला दिसलं.

माफी दिली. मलाही मिळाली असं धरून चालते.

पुढचा बेत पुण्याकडचा. इथून लोणावळ्याला जाऊन दिवसात परत येता येतं म्हणतात. बेत तूच आखायचा, फक्त गाडी कुठे थांबते ते माधुरीला मोबाईलवर बघायला सांग.

तू दिसेनासा झालास, तरी मी बराच वेळ मागे बघत होते. समोरच्या बाकावर कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, ते कोणाला रुमाल दाखवत होते? मी म्हणाले, मला. माझा सख्खा भाऊ आहे तो. या लाइनीवर कीमॅन होता, त्यानेच मला शिकवलं.

आशीर्वाद असू द्यावा, आणि यंत्र कानात.

तुझी धाकटी,
जया