दोन अर्धे मिळून एक

मंगळवार, २१ जानेवारी २०२५

परवाच्या पानावर चुकीचं लिहिलंय. खोडत नाही, इथे दुरुस्त करते. 'अर्ध्या पाळीच्या बायकांचे दोन दिवस मिळून एक धरायचा असं जितेशशेठनी सांगितलं' — त्यांनी सांगितलं नव्हतं! मी सुचवलं होतं. गेल्या वर्षी जानेवारीत, रजेचा तक्ता करताना, कोणी विचारलेलं नसताना. शेठ फक्त म्हणाले, "क्या दिमाग है, उन्नती!" आणि मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

स्वतःच्या वहीतसुद्धा दुसऱ्यावर ढकललं. कोण वाचणार होतं इथे?

बुधवार, २२ जानेवारी

पुन्हा मोजलं. तेच येतंय.

गुरुवार, २३ जानेवारी

नीट लिहून काढते, म्हणजे पळवाट उरणार नाही.

वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं, तर पुढच्या वर्षी वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. आमच्या वेफरच्या गाळ्यात (हजेरी-पगाराचं काम माझं) सहा बायका अर्ध्या पाळीला येतात, नऊ ते एक. मला वाटलं, दिवसभर उभ्या राहणाऱ्यांना आणि यांना सारखीच रजा कशी? अन्याय होईल. म्हणून दोन अर्ध्यांचा एक केला. अन्याय होऊ नये म्हणून!

यंदाच्या तक्त्यासाठी नियम मुळातून वाचला. त्यात तास नाहीतच. दिवस आहेत. कामावर आली, की तो दिवस भरला. रजेचा पगार तिच्या रोजाप्रमाणेच मिळतो, म्हणजे अर्ध्या पाळीचाच. अर्धं एकदा तिथे झालेलंच होतं. मी पुन्हा अर्धं केलं.

धोंडूकाकी २०२३ मध्ये दोनशे चौऱ्याऐंशी दिवस आल्या. मी लिहिलं एकशे बेचाळीस. रजा: शून्य. खरी रजा: चौदा दिवस.

चौदा.

शुक्रवार, २४ जानेवारी

गेल्या सप्टेंबरचं लिहायचं टाळत होते.

धोंडूकाकी आमच्याच आळीतल्या. त्यांच्या नवऱ्याला, हरेश्वरकाकांना, दवाखान्यात ठेवलं, तेव्हा माझ्या टेबलापाशी आल्या. पदराला हात पुसत विचारलं, "उन्नते, माझी काय रजा बसते का बघ गो." मी संगणकावर बघितलं. बघायची गरज नव्हती, मला पाठ होतं. "नाही बसत काकी. बिनपगारी घ्या." त्या म्हणाल्या, "बिनपगारी परवडत नाय बाय. औषधाचं कोन भरनार?"

अकरा दिवस त्या नऊ ते एक पाकिटं भरत होत्या. बाराव्या दिवशी काका गेले.

नंतर आईजवळ बोलल्या होत्या. काका सकाळीच काय ते दोन शब्द बोलायचे, दुपारी ग्लानीत असायचे. "मी पोचायची तवर झोपलेले. बाजूच्या खाटेवरचा सांगायचा, सकाली तुमचा नाव घेत होते."

मी तेव्हा आतल्या खोलीत होते. मला वाईट वाटलं होतं. नुसतं वाईट — जसं कोणालाही वाटतं तसं.

सोमवार, २७ जानेवारी

डेल्फिन (सांडोर गावची, तीही अर्ध्या पाळीला) टेबलावर वाकून म्हणाली, "काय गो मॅडम, सुक्या बोंबलासारखं तोंड का केलंस? शेठनी पगार कापला की लग्न ठरलं?" सगळ्या हसल्या. धोंडूकाकीसुद्धा.

मीही हसले. लाज वाटली.

मंगळवार, २८ जानेवारी

शेठना सांगितलं. दोन्ही तक्ते पुढे ठेवले, जुना आणि खरा. पहिलं वाक्य दोनदा बोलावं लागलं.

वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. चष्मा वर करून वाचलं. मग म्हणाले, "सहा जणींचे मिळून किती? ठीक आहे, देऊन टाकू. मी कोणाचं खाणारा माणूस नाही." मला रडूच आलं!

मी उठले तेव्हा म्हणाले, "एक मिनिट. चूक-बिक काही बोलायचं नाही. शेठने खुशीने दिलं, बस. एकदा चूक म्हटलीस, की उद्या अख्खा गाळा जुने कागद मागेल. आणि तुझी नोकरी पण मला ठेवता येणार नाही. समजतंय ना? तुझ्या भल्याचंच बोलतोय."

मान हलवली. तिथेच उभी राहून मान हलवली मी.

गुरुवार, ३० जानेवारी

आईला अर्धंच सांगितलं: बायकांना जादा पैसे मिळणार. तिने लगेच शेजारी सांगितलं, "आमच्या उन्नतीनं मिलवून दिले." आई अंगठा लावते, बाबाही. घरात कुठलाही कागद आला की दोघं तो माझ्यापुढे ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी म्हणेन ते खरं.

रविवार, २ फेब्रुवारी

माझा पगार थांबला तर घरात बाबांची मजुरी, तीही रोज नसते. दुसरी नोकरी मिळेल का? मिळेल. कधी? माहीत नाही.

न बोलून कोणाचं काय बिघडतंय? पैसे तर पोचताहेत. (हे वाक्य तीनदा लिहून बघितलं. तिन्ही वेळा शेठच्या आवाजात ऐकू आलं.)

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पगाराबरोबर जादा पैशांची पाकिटं दिली. डेल्फिन मोजून म्हणाली, "शेठ आजारी-बिजारी आहे काय? एवढी खुशी!"

धोंडूकाकींनी मोजले नाहीत. माझ्या गालावरून हात फिरवला, आणि जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते.

"मितेश — माझा भाचा — हे दवाखान्यात होते तवाच बोललेला, मावशी तुझी रजा बसते, लेबर हापिसात विचारू. मीच त्याला झापला. बोलली, आपली उन्नती शिकलेली हाय, तिनं बघून सांगितलंय. ती चुकनार नाय. तू कोन मोठा लागून गेला?"

मग म्हणाल्या, "बग, आज कसे मिलवून दिलेस."

मी म्हणाले, "चहा घ्या काकी."



शनिवार, ८ फेब्रुवारी

कामावर गेले. पाळी सुटताना टेबलाखाली पेन शोधत बसले. पेन हातातच होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पैसे धोंडूकाकींना पोचले. काकांजवळच्या अकरा सकाळी पोचल्या नाहीत, आणि त्यांना ठाऊकही नाही की त्या त्यांच्याच होत्या. शेठना आताच निरोप टाकला: मी सांगणार आहे. उत्तर आलेलं नाही. काहीही आलं तरी सांगणार उद्याच. सोमवार, १० फेब्रुवारी, दुपारी एक वाजता, अर्धी पाळी सुटल्यावर. आधी धोंडूकाकी, मग बाकीच्या पाच.