आषाढातली गोल्फची सहल

खोपट, ठाणे
शनिवार, १६ एप्रिल १९९४, दुपारचे साडेतीन

प्रिय दादूस,

वर लिहिलेल्या वेळेला मी भगवानशेठची गोल्फची पिशवी शेजारच्या वाण्याच्या काट्यावर तोलून ऑफिसात परत आणली. विमान कंपनीला वजन आधी कळवावं लागतं. वाण्याने पिशवीची चेन उघडून आत पाहिलं आणि विचारलं, या काठ्या किलोवर विकतोस की नगावर. मी त्याला खेळ समजावून सांगितला, पण खरं म्हणजे मलाही तो पुरता कळलेला नाही. चेंडू भोकात घालायचा आणि जो कमी वेळा मारतो तो जिंकतो, एवढंच पक्कं आहे. आमचे मालक महिपतराव जेवायला घरी गेले आहेत. ते येईपर्यंत हे पत्र पुरं करायचं आहे, कारण यातलं बरंचसं त्यांना ठाऊक नाही.

तू आपलं कोपर गाव सोडलंस तेव्हा मी सातवीत होतो. पुढे दहावीला गणितात गेलो, दुसऱ्यांदा बसलो आणि पुन्हा गेलो. मग महिपतरावांकडे लागलो. एसटी डेपोसमोरच्या गाळ्यात त्यांचं सहलींचं ऑफिस आहे. शिर्डी, गणपतीपुळे, अष्टविनायक अशा गाड्या आम्ही सोडतो. माझं अक्षर बरं आहे आणि नावं लिहिताना चूक होत नाही म्हणून बुकिंगचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक नाव दोनदा वाचतो, घरी गेल्यावर तिसऱ्यांदा आठवून पाहतो आणि तरी झोप लागत नाही. आई म्हणते, तुला काळजी करायचाच पगार मिळतो.

फेब्रुवारीत भगवानशेठ आले. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना आहे. त्यांना आणि त्यांच्या तीन दोस्तांना गोल्फचा नवा नाद लागला आहे. त्यांनी सांगितलं, जुलैत कामं थंड असतात, तेव्हा बायकापोरांना घेऊन कुठल्या तरी बेटावर जायचं, सकाळी खेळायचं आणि दुपारी समुद्र बघायचा. आम्ही परदेशाची सहल कधी केली नव्हती, पण महिपतराव नाही म्हणाले नाहीत. वर मला म्हणाले, दहा तिकिटांवर अकरावं फुकट मिळतं, सामान आणि कागदपत्रं सांभाळायला तू जा. दादूस, मी टेबलाकडेच बघत होतो. त्यांनी माझ्यापुढे चार बेटांची माहितीपत्रकं टाकली होती आणि त्यातलं एक मॉरिशसचं होतं.

तुझं कार्ड तीन वर्षांपूर्वी आलं होतं. तू लिहिलं होतंस की दुबईचं काम सोडून मॉरिशसला आलास, समुद्रकाठच्या हॉटेलात गोल्फचं मैदान आहे, सकाळी गवत कापतोस आणि दुपारी मैदानातल्या तळ्यात पडलेले चेंडू पागाचं जाळं टाकून काढतोस. मासळीपेक्षा चेंडू बरे, कुजत नाहीत, असंही लिहिलं होतंस. मी ते आईला वाचून दाखवलं. बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, पोराला नीट वाचता येत नाही, परत वाच. मी परत वाचलं. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, पण ते कार्ड घरातून बाहेरही टाकलं नाही.

तर मी मॉरिशसचं पत्रक सगळ्यांत वर ठेवलं आणि शेठना तुझ्याच हॉटेलचं मैदान दाखवलं. तिथपर्यंत ठीक होतं. पुढे मी जे केलं ते आपल्या कोळ्यांतल्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. जुलै म्हणजे आषाढ, हे माझ्या डोक्यातून जाईना. आषाढात आपल्याकडे होड्या वर ओढून ठेवतात, खाडीच्या तोंडापलीकडे कोणी जात नाही, आणि तो नेम मोडला की काय होतं ते आपल्या घराने पाहिलं आहे. मी शेठना सांगितलं की त्या दिवसांत दर्या कुणाचा नसतो, तुम्ही जानेवारीत जा, तेव्हा पाणी कसं तेलासारखं असतं. मी इतक्या खात्रीने बोललो की महिपतरावही चकित झाले. कोळ्याचा मुलगा आहे, याला समुद्रातलं कळतं, असं ते शेठना म्हणाले आणि तारीख जानेवारीवर गेली.

मार्चच्या शेवटी हॉटेलचा फॅक्स आला. जानेवारीचे दर फार कमी होते. कमी का, हे खाली बारीक टाइपात लिहिलं होतं. मी डिक्शनरी घेऊन बसलो. तिकडे जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, आणि जुलैत कोरडी हवा आणि हलकी थंडी. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात सगळं उलटं असतं, हे भूगोलात होतं, पण मी आपल्या खाडीवरून सगळ्या जगाचं पाणी मोजलं.

फॅक्स घेऊन मी आधी महिपतरावांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, मग मीच जातो त्यांच्याबरोबर, तू इथे गाड्या बघ. मला गोल्फचं किंवा विमानाचं काही वाटलं नाही. तुला भेटायची एकच वाट होती, ती मी माझ्याच हाताने बुजवली, एवढंच वाटलं. दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला जाऊन मी भगवानशेठच्या हातात फॅक्स दिला आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. म्हणाले, अरे, तुझ्या भरवशावर मी बायकोला वादळात नेणार होतो. तिला कळलं असतं तर तिने मलाच पाण्यात ढकललं असतं. मग महिपतरावांना फोन लावून म्हणाले की हाच पोरगा बरोबर पाहिजे, चुकला तर तोंडावर सांगतो. त्यामुळे आता सहल पुन्हा जुलैत आहे आणि मी तिच्यात आहे. शेठच्या घरी स्वेटर विणायला घेतलेत.

आता घरचं सांगतो. आपली खाडी तू ओळखणार नाहीस. कारखान्यांचं पाणी येतं, जाळ्याला काळा चिखल लागतो आणि मासळी नावाला उरली आहे. नवी होडी बाबांनी केलीच नाही. कोपरला बिल्डिंगी झाल्या, त्यातल्या एकीच्या गेटवर ते वॉचमन आहेत. गणवेशाच्या बाह्या त्यांना लांब होतात, आईने आतून टीप घातली आहे. आई ठाण्याच्या बाजारातून मासळी आणून बिल्डिंगीखाली विकते. बाबांच्याच गेटवर बसते आणि गिऱ्हाईक नसलं की दोघं भांडतात. तब्येत दोघांची ठीक आहे, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर एवढं लांब पत्र पाहून तुझ्या मनात भलतंच यायचं.

आईला मी सहलीचं सांगितलं तर ती जेवायची थांबली. आषाढात नको, असं म्हणाली. मी सांगितलं की विमान वरून जातं. ती म्हणाली, "खाली पानीच हाय ना?" मी तिच्या ताटात भात वाढला. तुझंच तिच्या डोक्यात होतं. तू त्या आषाढात नेम मोडून होडी बाहेर काढलीस, ती खडकावर फुटली, गावकीपुढे बाबांना मान खाली घालावी लागली आणि त्या तिरीमिरीत ते तुला म्हणाले की आता घरात पाय ठेवू नको. तुझं वय तेव्हा माझ्या आजच्या वयाएवढं होतं. त्या दिवशी घरात पीठही नव्हतं म्हणून तू गेला होतास, हे मला पुष्कळ उशिरा आईने सांगितलं. बाबांनाही ते माहीत होतं. आपलं बोलणं मागे घ्यायचं कसं, हेच त्यांना कळलं नसावं.

तुला न विचारता तुझ्यापुढे येऊन उभं राहणं मला बरं वाटत नाही. मी ज्यांच्या पिशव्या सांभाळणार आहे, त्यांचेच चेंडू तू तळ्यातून काढत असशील. तू दिसलास की मी सगळ्यांसमोर दादूस म्हणून हाक मारणार आहे. तुला अवघड वाटणार असेल तर आधी कळव, मग मी संध्याकाळी एकटा येईन. मला अवघड वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आई नको म्हणाली तेव्हा बाबा ड्यूटीवर जायला बूट घालत होते. ते खाली बघतच म्हणाले, "एक गेला तो आला नाय. ह्यो परतीचं तिकीट काढून चाललाय, जाऊ दे." आई रडायला लागली. नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तुला मोजलं होतं. ते रस्त्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मला बाहेर बोलावून, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं की जाताना एकाचं आणि येताना दोघांचं, असं तिकीट मिळतं का. मी म्हटलं, मिळतं. काल मी आमच्या परतीच्या विमानात एक जागा तुझ्या नावावर धरली. ती जूनअखेरपर्यंत राहील, तेव्हा तुझा पासपोर्ट चालू आहे की मुदत संपली, ते या पत्राला लगेच उत्तर देऊन कळव. यायचं नसेल तर तसंही कळव, मी बाबांना माझ्या पद्धतीने सांगेन. आज सकाळी गेटवर त्यांना जागा धरल्याचं सांगितलं. त्यांनी गेट उघडून एक गाडी आत घेतली, आणि मग विचारलं, खिडकीजवळची आहे का.

तुझाच,
जगन